चालू शेळी फार्मची खरेदी-विक्री: करारनाम्यात भांडण कुठं दडलेलं असतं

तेरणाकाठ (धाराशिव)

धाराशिव, कळंब, तुळजापूर, औसा या पट्ट्यात चालू स्थितीतला शेळी फार्म विकायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी कागद एकच असतो. ५०० च्या स्टॅम्पवर दोन पानं, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार. खाली त्यातली नेहमीची पाच वाक्यं देतोय ("लिहून देणार" म्हणजे विकणारा, "लिहून घेणार" म्हणजे विकत घेणारा). यातल्या प्रत्येकावर वाद होतो. जाणकारांनी एकेक घेऊन फाडावं.

१) "लिहून देणार यांचे मालकीचे शेळीपालन फार्म, त्यातील लहानमोठ्या १०५ शेळ्या, शेड व सर्व साहित्यासह उक्ते रुपये २४,००,००० या किमतीत लिहून घेणार यांस विक्री केले आहे."

२) "शेळ्या निरोगी व जातिवंत उस्मानाबादी असून त्यापैकी ६० ते ६५ गाभण आहेत."

३) "आजपासून शेळ्यांची मालकी लिहून घेणार यांची राहील. ताबा दीड महिन्याने देण्यात येईल."

४) "इसार रुपये १०,००,००० पोच. बाकी १४,००,००० ताब्यानंतर दोन हप्त्यांत. मुदतीत न दिल्यास इसार जप्त."

५) "लिहून देणार यांनी पुन्हा हा धंदा करू नये."

नोटरीबाहेर (लातूर)

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात महागात पडणारं वाक्य तेच आहे आणि त्याकडं कुणी बघत नाही.

कायद्याच्या नजरेत शेळी म्हणजे जंगम माल. १९३० चा मालविक्री कायदा लागतो. त्यातलं कलम २६ सांगतं की दुसरं काही ठरलेलं नसेल तर ज्याची मालकी त्याची जोखीम, मग माल कुणाच्या का गोठ्यात असेना. "आजपासून मालकी घेणाऱ्याची" असं लिहून ताबा ४५ दिवसांनी ठेवला, आणि मधल्या काळात पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) येऊन विकणाऱ्याच्याच शेडमध्ये १८ शेळ्या गेल्या, तर कागदाप्रमाणं त्या घेणाऱ्याच्या मेल्या. त्यानं अजून दावं हातात धरलेलं नसतं.

उलट "विक्री करण्याचे ठरले आहे, मालकी व जोखीम प्रत्यक्ष ताब्याच्या दिवशी मोजणीनंतर जाईल" असं लिहिलं तर त्याच १८ शेळ्या विकणाऱ्याच्या खात्यात जातात. टॅगवार, म्हणजे कानातल्या बिल्ल्याच्या नंबरानं, ठरलेलं जनावर कुणाच्या चुकीशिवाय आधीच मेलं तर त्यापुरता करार संपतो (कलम ८), तेवढी किंमत वजा होते. ताबा द्यायला किंवा घ्यायला ज्यानं उशीर केला, त्या उशिरामुळं झालेलं नुकसान त्याच्याच अंगावर येतं. हे २६ मध्येच आहे, तरी तारीख घालून लिहा.

दुसरी गोम पहिल्या वाक्यात आहे. "विक्री केले आहे" आणि "विक्री करण्याचे ठरले आहे" यांत मुद्रांकाचा फरक पडतो. पहिलं वाक्य कागदालाच अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी देणारा दस्त, बनवतं, आणि जंगम मालाच्या अभिहस्तांतरणाला महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात शेकडा ३ चा दर आहे. २४ लाखांवर ७२,००० होतात. ५०० च्या स्टॅम्पवरचा असा कागद कोर्टात काढला की समोरचा वकील आधी मुद्रांकावरच बोट ठेवतो. कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरेपर्यंत कागद पुराव्यात येत नाही. शेळ्यांची मालकी ताबा देऊन जाते, त्याला विक्रीखत लागत नाही. करार ठरल्याचा कागद ठेवा, ताब्याच्या दिवशी ताबापावती करा. आणि ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा स्टॅम्प चालत नाही, ५०० चा लागतो. जुना मसुदा खिशात घेऊन फिरणाऱ्यांसाठी सांगितलं.

काळी_शेळी (तुळजापूर)

वकीलसाहेब, मधल्या ४५ दिवसांत व्यालेल्या करडांचं कसं?

नोटरीबाहेर (लातूर)

मालकी ज्याची, वाढावा त्याचा. ताब्यापर्यंत मालकी विकणाऱ्याकडं ठेवली तर करडं त्याची, आणि चाराही त्याचाच. पण घेणाऱ्यानं गाभण शेळीचा भाव दिलेला असतो, पोटातल्या पिल्लासकट. म्हणून गाभण म्हणून यादीत धरलेली शेळी ताब्याआधी व्याली तर करडू तिच्यासोबतच जाईल असं वेगळं लिहावं लागतं, नाहीतर इथंच डोकी फुटतात.

दावण (उदगीर)

त्यात गणित समजून घ्या. शेळीचा गाभणकाळ १५० दिवसांचा. ६० गाभण शेळ्या वर्षभर सारख्या पसरलेल्या असत्या तर ४५ दिवसांत १८ व्यायल्या असत्या. उस्मानाबादीत जुळं नेहमीचं, म्हणजे २५-२७ करडं धरा. पण बोकड कळपात हंगामानुसार सोडला असेल तर सगळ्या एकदम फळतात आणि पंधरा दिवसांत ४० शेळ्या मोकळ्या होतात. मग ताब्याच्या दिवशी "६० गाभण" मधल्या २० च गाभण असतात. विकणारा खोटं बोललेला नसतो, तरी घेणारा बोंब मारतो. म्हणून गाभणाचा आकडा कुठल्या तारखेचा, ती तारीख हवीच.

आता दुसरं वाक्य. "६० ते ६५ गाभण" याला काही अर्थ नाही. सोनोग्राफीत साधारण ३५ दिवसांनंतरचा गाभ खात्रीनं दिसतो. हातानं पोट चाचपून कळायला तीन महिने जावे लागतात. म्हणून यादीत तीन रकाने करा: गाभण पक्की, रिकामी, आणि फळवून ३५ दिवस न झालेली. तिसऱ्या रकान्यातल्या शेळीला रिकामीचाच भाव लावायचा, महिनाभरानं पुन्हा तपासून फरक द्यायचा.

खोटा गाभ हा प्रकार शेळीत बऱ्यापैकी असतो. गर्भाशयात नुसतं पाणी साठतं, पोट सुटतं, माज बंद होतो, मालकालाही वाटतं गाभणच आहे. शेवटी पाणी जातं आणि हाती काही नाही. डोळ्यानं बघणारा फसतो, मशीनवर पाणी आणि पिल्लू वेगळं दिसतं. त्यामुळं "मालकानं फसवलं" म्हणायच्या आधी सोनोग्राफीचा कागद आहे का ते बघा. नसेल तर दोघंही अंदाजावर बोलतायत.

भावफरक आधीच आकड्यात बांधा. समजा गाभण १४,०००, रिकामी ११,०००. कागदावर ६२ गाभण आणि ताब्याच्या दिवशी मशीनवर ५१ निघाल्या. फरक ११ शेळ्या गुणिले ३,०००, म्हणजे ३३,००० शेवटच्या हप्त्यातून वजा. विषय तिथल्या तिथं संपतो. हे कलम नसलं की हाच ३३,००० चा विषय ७ लाखांचा हप्ता अडवतो.

तेरणाकाठ (धाराशिव)

डॉक्टर, यादीचा नमुना टाका की. "लहानमोठ्या १०५" वर लई भांडणं आहेत. कुणी करडं धरून १०५ मोजतो, कुणी नुसत्या माद्या.

दावण (उदगीर)

यादी हाच खरा करार असतो, वरची दोन पानं म्हणजे तिचं पाकीट. एका जनावराला एक ओळ: कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर, नर की मादी, दात (अदंत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेली म्हणजे आठही दात आलेली), रंग आणि खूण (पांढरा ठिपका कुठं, कान कसा, शिंग आहे की बिनशिंगी), वजन, किती वेत झाले, शेवटची व्यायल्याची तारीख, फळवल्याची तारीख आणि कुठल्या बोकडानं, लसींच्या तारखा, भाव. शेवटी फोटोचा क्रमांक. फोटोत तोंड आणि बिल्ला दोन्ही आले पाहिजेत.

दाताचा रकाना का, तर दोन दाती म्हणजे वर्ष-दीड वर्षाची आणि जुळलेली म्हणजे चार वर्षांच्या आसपास. दोघींच्या उरलेल्या वेतांत जमीनअस्मानाचा फरक आहे. "पाठी (तरुण माद्या) जास्त आहेत" असं तोंडी सांगून जुळलेल्या, दात झिजलेल्या शेळ्या गळ्यात मारणं हा जुना खेळ आहे.

रंग आणि खुणा का, तर बिल्ला तुटतो आणि बदलताही येतो. काळी उस्मानाबादी लांबून सगळी सारखीच दिसते, एकीच्या जागी दुसरी उभी केली तर नुसत्या नंबरावर पकडता येत नाही.

बिल्ल्याशिवाय तर व्यवहारच करू नका. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री बंद आहे. ताबा झाला की भारत पशुधन प्रणालीवर मालकाचं नाव बदलून घ्या, ते काम पशुवैद्यकीय दवाखान्यातून होतं. विमा असेल तर कंपनीला नवीन मालक लेखी कळवा. पॉलिसी जुन्याच्या नावावर आणि शेळी नव्याच्या दारात मेली, तर दावा दोघांनाही मिळत नाही.

मांजराथडी (अंबाजोगाई)

बोकडांवर कुणी बोललं नाही अजून. १०० + ५ चा फार्म, म्हणजे १०० माद्या आणि ५ बोकड, त्याची पैदास त्या ५ बोकडांवर चालते. २०-२५ माद्यांमागं एक बोकड हे प्रमाण. कराराच्या दिवशी दाखवलेले बोकड वेगळे आणि ताब्याच्या दिवशी वेगळे, असं होऊ नये म्हणून बोकडांची यादी स्वतंत्र, वजनासकट. विकणाऱ्याला एखादा चांगला बोकड घरी ठेवायचा असेल तर तो "वगळलेला" म्हणून बिल्ला नंबरासह लिहायचा.

दुसरं, पाचही बोकड एकाच बापाचे निघतात. एकच बोकड दोन वर्षांपेक्षा जास्त कळपात राहिला की तो स्वतःच्याच पाठी फळवतो. पुढची पिढी हलकी, कमजोर, मरतूक जास्त. फळवणीची नोंदवही मागा. वही नाही म्हणाला तर "पैदाशीचा फार्म" हा शब्द काढून साधा "शेळी कळप" म्हणा आणि भाव त्याप्रमाणं पाडा.

"जातिवंत उस्मानाबादी" हे वर्णन कागदावर आलं की ती नुसती बढाई राहत नाही. वर्णनावर विकलेला माल वर्णनाप्रमाणं असला पाहिजे, मालविक्री कायद्याचं कलम १५. कळपात सिरोही किंवा बीटलचा संकर असेल तर विकणाऱ्यानं "त्यापैकी अमुक संकरित" असं स्वतःहून लिहावं, त्यात त्याचंच भलं आहे.

गोठा_अकरा (कंधार)

बाजारात तर "पदरी पडलं पवित्र झालं" असतं. हाळी-हंडरगुळीला दात बघितले, चाल बघितली, पैसे मोजले, संपला विषय. फार्मलाच कामून एवढं?

नोटरीबाहेर (लातूर)

भाऊ, बाजारात तुम्ही डोळ्यानं बघून घेता, विकणाऱ्याच्या शब्दावर नाही. फार्म घेताना "पैदाशीसाठी पाहिजे" असं सांगून, विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून घेता. कलम १६ तिथं लागू होतं, माल सांगितलेल्या कामाला योग्य असला पाहिजे.

गप्प बसण्याबद्दलही कायदा मजेशीर आहे. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ खाली घोड्याचीच उदाहरणं दिलीत. लिलावात खोड असलेला घोडा विकताना मालक काहीच बोलला नाही तर ती फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हटलं नाही तर घोडा निर्दोष आहे असं मी धरतो", आणि त्यावर मालक गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलल्यासारखंच. म्हणून ताब्याआधी घेणाऱ्यानं लेखी प्रश्न पाठवावेत: गेल्या १२ महिन्यांत किती गाभडल्या, किती मेल्या, कशानं, कुठल्या औषधाचा कोर्स चालू आहे. उत्तर आलं तरी कामाचं, न आलं तरी कामाचं.

दावण (उदगीर)

आता "निरोगी". हा शब्द एकटा लिहूच नका. प्रत्येक रोगाचा उगवणकाळ (लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ) वेगळा, त्यामुळं "१५ दिवसांची गॅरंटी" सगळ्यांना लावणं हा अडाणीपणा आहे.

पीपीआर साधारण ३ ते १० दिवसांत दिसतो, जास्तीत जास्त २१ दिवस धरतात. लाळ्या-खुरकूत २ ते १४ दिवस. ताब्यापासून तीन आठवड्यांच्या आत हे दोन उठले तर संसर्ग जुन्या गोठ्यातून किंवा वाटेतून आला असं म्हणायला जागा आहे, पण नवीन जागी आधीपासून दुसरी जनावरं असतील तर ती जागा उरत नाही. म्हणून नव्या कळपाला २१ दिवस वेगळं ठेवणं ही अट घेणाऱ्यावर घालावी. त्यानं पाळली नाही तर त्याचा दावा लंगडा.

सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेला, आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत लपून राहतो आणि गाभाच्या शेवटच्या टप्प्यात गाभडल्यावर उघडा पडतो. याला मुदतीची हमी कामाची नाही, ताब्याआधीची रक्ततपासणीच पाहिजे. सगळे बोकड आणि आधी गाभडलेल्या सगळ्या माद्या तपासायच्याच, बाकीच्यांतून जमतील तेवढ्या. आधी रोझ बेंगाल (रक्ताची झटपट चाचणी), त्यात होकारार्थी आलेल्यांची एलायझा (प्रयोगशाळेतली पुढची चाचणी). नुसत्या रोझ बेंगालवर शेळी परत करू नका, तिच्यात चुकीचा होकार येऊ शकतो. नमुन्याच्या नळीवर बिल्ल्याचा नंबर लिहा, "शेळी क्र. १४" असं लिहिलेला रिपोर्ट कोर्टात कुणाचाच नसतो. हा रोग माणसाला होतो, गाभडलेलं पिल्लू आणि वार उघड्या हातानं उचलू नका, कच्चं दूध पिऊ नका.

जोन्स (आतड्याचा जुनाट रोग) तर महिनोन्महिने, कधी वर्षांनी दिसतो. वाळत जाणाऱ्या, हगवण न थांबणाऱ्या शेळ्या यादीतून आधीच बाहेर काढणं एवढंच हाती आहे.

आणि गाभडली म्हणजे ब्रुसेलाच असं नाही. चार महिन्यांच्या पुढची गाभण शेळी ट्रकात दाटीवाटीनं कोंबून १२० किलोमीटर नेली, बुरशी आलेलं भुसकट टाकलं, कळपात टकरा झाल्या, की ती गाभडते. त्यात विकणाऱ्याचा दोष नाही. चार महिन्यांपुढच्या शेळ्या व्याल्यानंतरच हलवायच्या, तोवर त्यांच्या चाऱ्याचा दिवसाचा दर ठरवायचा, हे कलम दोघांनाही वाचवतं.

खुंटा (परभणी)

दादा, आतापर्यंत सगळं घेणाऱ्याच्या बाजूनं चाललंय. विकणाऱ्याचं बी ऐका.

ताबा गेल्यावर पहिल्या पंधरवड्यातली मरतूक बहुतेक खाण्याच्या बदलानं होते. इकडं सोयाबीनचं भुसकट, तुरीचं कुटार आणि चराई असते. नवा मालक हौसेनं पहिल्याच दिवशी मक्याचा भरडा अर्धा-अर्धा किलो टाकतो. पोट आंबतं, आंत्रविषार (आतड्यात विष तयार होणारा रोग) उठतो, सकाळी दोन-चार शेळ्या पाय ताणून पडलेल्या. मग फोन येतो, "आजारी शेळ्या दिल्या".

विकणाऱ्यानं हे करावं. सध्याचा दिवसाचा खुराक जनावरामागं किती ग्रॅम, कुठला चारा, कुठल्या वेळी, हे ताबापावतीला जोडावं. जुना चारा किमान १०-१५ दिवस पुरेल एवढा सोबत द्यावा, त्याची किंमत लावावी, नवा चारा हळूहळू मिसळावा ही अट टाकावी. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी दिलेली असावी, पहिल्यांदा देत असाल तर दोन डोस. पीपीआरची लस ताब्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी. आदल्या दिवशी टोचून "लसीकरण पूर्ण" लिहिणं म्हणजे डोळ्यात धूळ, प्रतिकारशक्ती यायलाच पंधरवडा जातो. कुपीचा बॅच नंबर लिहून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मेलेल्या शेळीचा दावा करायचा असेल तर २४ तासांच्या आत विकणाऱ्याला फोटोसह कळवणं आणि सरकारी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन, त्यावर बिल्ल्याचा नंबर. शवविच्छेदनाशिवाय एकाही शेळीची भरपाई नाही. हे कलम विकणाऱ्यानं हट्टानं घालून घ्यावं.

काळी_शेळी (तुळजापूर)

हे मात्र पटलं.

हिशेबवही (नांदेड)

पैशांवर. २ लाख किंवा जास्त रक्कम एका व्यवहारात रोखीनं घेणाऱ्याला आयकर कायद्यात तेवढ्याच रकमेचा दंड आहे. दंड घेणाऱ्याला म्हणजे इथं विकणाऱ्याला. "१० लाख रोख पोच" लिहून तो स्वतःविरुद्धच पुरावा तयार करतो. शेळीपालनाचं उत्पन्न शेतीउत्पन्न धरलं जात नाही, हेही लक्षात ठेवा.

२४ लाख "उक्ते" लिहू नका, फोड करा. उदाहरणार्थ जनावरं १३,६५,०००, शेडचं लोखंड-पत्रे ६,००,०००, कडबाकुट्टी, गव्हाणी, वजनकाटा वगैरे १,५०,०००, नाव आणि गिऱ्हाईक २,८५,०००. बेरीज २४,००,०००. एखादा भाग फिसकटला तर त्याची किंमत आधीच ठरलेली असते. "सर्व साहित्य" म्हणजे काय यावर तर कुट्टीची मोटर, पाण्याची टाकी, सोलरच्या पाट्या, सगळ्यावर रस्सीखेच होते.

"इसार जप्त" हे करार कायद्याच्या कलम ७४ पुढं जसंच्या तसं टिकत नाही. २४ मधले १० लाख हा इसार नव्हे, तो किमतीचाच भाग. कोर्ट वाजवी भरपाईच देतं, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. खरा इसार ठेवायचा तर छोटा ठेवा आणि त्याला "इसार" म्हणा, बाकीला "आगाऊ किंमत".

धनादेशांचं. तारीख टाकून दिलेला धनादेश परतला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत, ती संपल्यावर एका महिन्यात फिर्याद. यातली एक तारीख चुकली की कलम १३८ चं, म्हणजे धनादेश न वटल्याचं, प्रकरण अडचणीत. मधे काही रक्कम मिळाली असेल तर पूर्ण रकमेचा जुना धनादेश तसाच टाकू नका, मिळालेल्या रकमेची नोंद त्यावर करून घ्या. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये हे स्पष्ट केलंय.

खुंटा (परभणी)

हप्ता नाही आला तर शेळ्या उचलून आणता येतात का?

नोटरीबाहेर (लातूर)

नाही. ताबा दिला की पैसे न मिळालेल्या विकणाऱ्याचा माल अडवून धरायचा हक्क जातो. रात्री टेम्पो लावून आणल्या तर चोरीची फिर्याद तुमच्यावरच होईल. दोन उपाय आहेत. एक, ताबा टप्प्यानं द्या, हप्ता आला की पुढचा गट. दोन, "शेवटचा रुपया मिळेपर्यंत मालकी विकणाऱ्याची, जोखीम मात्र ताब्यापासून घेणाऱ्याची" असं लिहा. मालकी आणि जोखीम वेगळी करता येते, पण लिहावीच लागते.

घेणाऱ्यानंही ऐकावं. माल ठेवून घेतला, त्यातला बोकड विकला किंवा बिल्ले बदलले, की तो माल स्वीकारला असं धरतात. मग "सगळं परत घ्या" म्हणता येत नाही, फक्त भरपाई मागता येते किंवा किमतीतून वजा करता येते (मालविक्री कायद्याचं कलम १३ आणि ५९). आणि वजा म्हणजे नुकसानाएवढंच. ३३,००० चं नुकसान दाखवून ७ लाखांचा हप्ता दाबला तर करार तुम्हीच मोडला.

मांजराथडी (अंबाजोगाई)

जागेचं राहिलं. शेळ्या जंगम, पण शेड जमिनीत रोवलेलं. "शेडसह विक्री" नोटरीवर होत नाही. जमीन घ्यायची तर नोंदणीकृत खरेदीखत, भाड्यानं घ्यायची आणि वर्षापेक्षा जास्त मुदत असेल तर नोंदणीकृत भाडेपट्टा. मराठवाड्यात शेतजमिनीला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागतो, शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल, भावांची नावं सामाईक असतील, विहिरीत हिस्सा असेल, सगळं आधी बघा. विहीर सामाईक आणि शेड तुमचं, तर एप्रिलात १०५ शेळ्यांचं रोजचं ५००-६०० लिटर पाणी कुठून आणणार? रस्ता बांधावरून असेल तर वहिवाट कागदात आणा. अडवलाच तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडं सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो.

बँकेचा जमिनीवरचा बोजा सातबाऱ्यात दिसतो, शेळ्यांवरचा दिसत नाही. कर्जमंजुरीचं पत्र मागा, बँकेचं ना हरकत घ्या. राष्ट्रीय पशुधन अभियानातलं युनिट असेल, जिथं ५० टक्के अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि १०० + ५ ला ते १० लाखांपर्यंत असतं, तर मंजुरीच्या अटी वाचल्याशिवाय हात लावू नका. दुसरा हप्ता येणं बाकी असताना फार्म विकला तर तो हप्ता अडकतो, आणि आधीचा परत मागितला तर कुणी भरायचा हे करारात नसतं.

गोठा_अकरा (कंधार)

पाचव्या वाक्याचं काय? पुन्हा धंदा करू नये म्हणलं की झालं ना?

नोटरीबाहेर (लातूर)

तसंच्या तसं नाही टिकत. करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणं धंदाबंदीचा करार मुळात रद्दच. सूट एकच, धंद्याचा नावलौकिक विकला असेल तर. तेव्हाही ठरावीक हद्दीत, वाजवी प्रमाणात, आणि घेणारा तोच धंदा चालवतोय तोवर. म्हणून हिशेबवहीनं दाखवलेली २,८५,००० ची ओळ महत्त्वाची. "महाराष्ट्रात आयुष्यभर नाही" ऐवजी "तुळजापूर आणि धाराशिव तालुक्यांत ३ वर्षं पैदाशीचे बोकड विकणार नाही" असं लिहा. सही न केलेल्या भावावर किंवा मुलावर हे बंधन येत नाही, त्यांचीही सही घ्या.

नावलौकिक म्हणजे हल्ली फलक नव्हे, मोबाईल नंबर. बोकडाचं गिऱ्हाईक त्याच नंबरावर फोन करतं. सिमकार्ड नावावर करून घेणं, व्हॉट्सअ‍ॅप गट, यूट्यूब चॅनेल, फेसबुक पान कुठल्या तारखेला कुणाच्या हाती, हे लिहा.

तेरणाकाठ (धाराशिव)

सालगड्याची उचल, म्हणजे त्यानं आगाऊ घेतलेली मजुरी? बऱ्याच कागदांत "गड्याकडे ४०,००० उचल बाकी, ती लिहून घेणार यांची" असं असतं.

नोटरीबाहेर (लातूर)

ते वाक्य आधी खोडा. उचलीपोटी माणूस फार्मसोबत दुसऱ्याकडं वर्ग करणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या तोंडात जाणं आहे. ताब्याच्या तारखेपर्यंतची मजुरी जुन्या मालकानं चुकती करायची, पुढं काम करायचं का ते गडी ठरवील.

काळी_शेळी (तुळजापूर)

समजा वाद झालाच. आधी पोलीस, की ग्राहक मंच?

नोटरीबाहेर (लातूर)

ताई, दोन्हीकडं घाई नको. पोलिसांत फसवणुकीला, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू दाखवावा लागतो. नुसता करारभंग दिवाणी. ग्राहक आयोगात व्यापारासाठीची खरेदी बसत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर अपवाद आहे, पण २४ लाखांचा, गडी ठेवून चालवलेला फार्म त्यात बसवणं अवघड.

आधी पुरावा. विकणाऱ्याला पोस्टानं पोचपावतीसह आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख देऊन संयुक्त पाहणीला बोलवा. आला नाही तरी पशुवैद्यक आणि दोन पंचांसमोर बिल्लावार पंचनामा करा. फोटो मूळ मोबाईलमध्ये ठेवा, पुढं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मग नोटीस. वाद व्यापारी स्वरूपाचा आणि ३ लाखांच्या वर असेल तर तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसल्यास आधी मध्यस्थी सक्तीची आहे, ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात. नाहीतर तालुका विधी सेवा समितीकडं दाखलपूर्व अर्ज करून लोकअदालतीत मिटवा, तिथल्या निवाड्यावर अपील नाही. दाव्याची मुदत तीन वर्षं. करारात लवाद घालणार असाल तर "विकणारा नेमेल तो" असं लिहू नका, एकतर्फी नेमणूक टिकत नाही.

तेरणाकाठ (धाराशिव)

तिसरं वाक्य आता असं केलंय: "परिशिष्ट 'अ' मधील बिल्लावार शेळ्यांची मालकी व जोखीम दिनांक ... रोजी संयुक्त मोजणी, सोनोग्राफी व ताबापावतीवरील सह्यांनंतर लिहून घेणार यांचेकडे जाईल. त्यापूर्वी मृत वा गहाळ जनावराची यादीतील किंमत शेवटच्या हप्त्यातून वजा होईल. गाभण नोंदलेली शेळी त्यापूर्वी व्याल्यास जिवंत करडू तिच्यासोबत जाईल."

दावण (उदगीर)

बरं आहे. "करडू" ऐवजी "सर्व जिवंत करडे" लिहा, जुळ्यातलं एक मागं ठेवून घेतील. आणि मोजणीच्या दिवशी ज्यांचा बिल्ला पडलेला असेल त्यांना तिथंच नवा मारून जुना-नवा दोन्ही नंबर एका ओळीत घ्या.

खुंटा (परभणी)

मोजणी सकाळी चरायला सोडायच्या आधी ठेवा. संध्याकाळी शेजाऱ्याच्या दोन-तीन कळपात मिसळून येतात, आणि मग तो येतो काठी घेऊन.